उघड्या दारातला एसी

प्रिय माय,

तू गेलीस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. इतक्या दिवसांत तुला कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना काय बोलायचं ते बोलून व्हायचं. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट कळली, आणि ती मनातल्या मनात बोलून भागेना. म्हणून शाळेच्या ऑफिसातून रजा घेऊन, बाबांच्या खाटेशेजारी बसून हे लिहितो आहे.

मागचा वैशाख आठवतो का तुला? तुझं मांडीचं हाड मोडलं म्हणून तुम्हा दोघांना रिठदहून रिसोडला आमच्याकडे आणलं होतं. कूलर लावला की त्या ओल्या हवेनं तुला खोकल्याची उबळ यायची. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायचं नाही, असं घरमालकानं बजावलेलं. मग मी चाकांचा एसी निवडून आणला. निवडला कसला! भिंत फोडावी लागत नाही, जाडा पाइप खिडकीतून बाहेर सोडला की झालं, एवढं ऐकलं आणि उचलला. खोली केवढी, वरचा स्लॅब किती तापतो, हवा कुठून शिरते, यातलं काहीच विचारलं नाही.

मशीन गडगडत घरात आली तशी तू खाटेवरून म्हणालीस, "अवं वंदना, हा तं पांगुळगाडा हाय! मले चालाले शिकोते काय तुहा नवरा?"

हाड मोडल्यापासून तू पहिल्यांदा हसलीस! माझी छाती केवढी फुगली होती.

खाट मात्र तू दारासमोरच ठेवायला लावलीस. दार लावायचं नाही, हा तुझा जन्माचा नेम. रिठदला उन्हाळ्यात आपलं दार दुपारभर सताड उघडं असायचं. बांगड्या विकणारी कासारीण यायची, वावरातून परतणारे यायचे, उंबऱ्यातूनच "पाणी द्या वं" म्हणायचे. तू पितळी तांब्या पुढे करायचीस आणि सोबत गुळाचा खडा. जात-गोत विचारलेलं मला आठवत नाही. दुपारी दार लावलं तर तहानलेला माणूस तसाच परत जातो, आणि त्याच्यासोबत देवही परत जातो, असं तू म्हणायचीस. रिसोडच्या गल्लीत कोण येणार होतं पाणी मागायला? पण तू मला नावानं हाक मारून एकच सांगायचीस. "दार नको लावू रे देवा, कोणी आलं तं?"

मीही लावलं नाही. उलट समोरची खिडकीही उघडून ठेवली. आपण कूलरवाली माणसं! कूलर लावला की खिडकी उघडायची, हवा खेळली पाहिजे, हेच लहानपणापासून माहीत. मशीनसोबत आलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून मी बाहेरसुद्धा काढलं नाही.

मग रोज दुपारी मी ऑफिसातून फोन करायचो. "माय, गार वाटते का?"

"लय गार वाटते रे. गोधडी घ्या लागते का काय, असं होऊन राह्यलं! घडी घडी फोन काहून करतं? तुले काम नाही काय तिकडं?"

मी हसून फोन ठेवायचो. समाधानानं जेवायचो.

तू गेल्यावर मशीन कोपऱ्यात चादरीखाली गेली. आता यंदा बाबांचा दमा बळावला. आठ दिवस वाशिमच्या दवाखान्यात होते. घरी सोडायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, खोली थंड पाहिजे, धूळ नको, कूलरची ओल तर अजिबात नको. जुनी मशीन लावून पाहिली, पण खोली थंड होईना; वर्षभर पडून बिघडली असेल, असं वाटलं. नवी, मोठी घ्यावी म्हणून बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. या वेळी सगळं विचारायचं ठरवून गेलो होतो, पण दुकानदारानंच मला विचारायला सुरुवात केली. खोली केवढी? दहा बाय बारा. जुनी मशीन काय करते? थंड हवा फेकते, पण खोली थंड होत नाही.

"दार?"

"उघडं."

"खिडकी?"

"तीही."

त्यानं हातातला पेन खाली ठेवला. "भाऊ, तुमी आख्खं रिसोड थंड करून राह्यले होते काय?"

दुकानातली दोन माणसं हसली. मीही हसलो. मग त्यानं नीट समजावलं. मशीन पाइपातून खोलीतली हवा बाहेर टाकते, तिची जागा भरायला बाहेरची हवा आत येते. दार उघडं असेल तर बाहेरची सगळी तापलेली लूच आत. "नवी कायले घेता? जुनीच लावून पाहा. दार लावा, पाइपाच्या बाजूनं खिडकी थर्माकोलनं बुजवा."

घरी येऊन तसं केलं. अर्ध्या तासात खोली गार झाली, माय! मशीन चांगली होती.

मी आनंदानं वंदनाला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, आत येईना. डोळ्याला पदर लावलेला. मग तिनं सांगितलं. दुपारभर तू ओला पंचा पायांना गुंडाळून पडायचीस. मी यायची वेळ झाली की तिला म्हणायचीस, "वाळू घाल वं तो. देवाले सांगू नोको. लय हौसेनं आनली त्यानं."

काहून असं केलं, माय? एकदा म्हणायचं होतंस, की देवा, उकडते! मी रागावलो असतो का? पण तुला तरी काय बोलू? महिनाभरात एकाही दुपारी मी घरी येऊन त्या खोलीत घटकाभर बसलो नाही. फोनवर विचारणं सोपं होतं, आणि तुझं उत्तर मला सोयीचं होतं.

काल बाबा घरी आले. दार लावताच कुरकुरले, "दिवसाढवळ्या दार लावून निजते काय मानूस? तुही माय असती तं..."

वंदनानं पाण्याचा माठ बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला, वर गिलास पालथा घातला, आणि बाबांना पडल्यापडल्या खिडकीच्या काचेतून दाखवला. तेव्हा कुठे ते गप्प झाले.

थोड्या वेळानं मी सवयीनं विचारलं, "बाबा, गार वाटते का?"

"लय गार वाटते," ते लगेच म्हणाले.

तुझेच शब्द! मी उठलो आणि त्यांच्या मानेखाली हात घातला. मान घामानं चिंब होती. शोधलं, तर दाराखालच्या फटीतून गरम झळ येत होती. गोधडीची गुंडाळी करून तिथे लावली. अर्ध्या तासानं पुन्हा हात घातला. मान कोरडी होती, आणि बाबा घोरत होते.

माय, शाळेचं ऑफिस यंदा सकाळचं झालं आहे. साडेअकराला सुटतो. हा उन्हाळा सरेपर्यंत रोज दुपारी मी याच खोलीत, बाबांच्या उशाशी बसेन. त्यांना गार वाटते का, हे विचारणार नाही. हात लावून पाहीन.

तुझा,
देवा