हिरव्या कड्यांची टाकी

थंडर बे,
मार्च संपत आला

प्रिय हेल्मी,

तुझी खोकी बांधून तयार आहेत. मागच्या दाराच्या बोळात एकावर एक रचून ठेवली आहेत, जड खाली, हलकी वर. तुझ्या बहिणीचा, इर्याचा, फोन आला तेव्हा काय काय पाठवायचं ते तिने सांगितलं: हिवाळी बूट, चिंध्यांच्या सतरंज्या, निळी किटली, सौनातली तांब्याची पळी. वर म्हणाली, "हेल्मी आता सडबरीतच राहायचं म्हणतेय. आईचं घर रिकामं ठेवून काय करायचं?" हे तू स्वतः का सांगितलं नाहीस, असं विचारायला माझी जीभ रेटली नाही. पाठवतो म्हणालो. शब्द दिला की मी पाळतो, हे तुला माहीत आहे. म्हणून सामान अजून का पोचलं नाही, याचं तुला नवल वाटत असेल. तेच सांगायला बसलो आहे. जरा मागून सुरू करतो. मधूनच उचलून सांगणं मला जमत नाही.

आपल्या गॅरेजमधले शनिवार आठव. तुमची ती सौना, वाफेची आंघोळ, झाली की लाल तोंडाने आपण दोघं गॅरेजात यायचो, शेजारून डोमेनिक त्याच्या घरच्या वाइनची बाटली घेऊन यायचा, आणि मी व्हेपसाठी आठवडाभर मुरवलेल्या द्रव्यांच्या बाटल्या ओळीने मांडायचो. सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेपची ती विजेवर वाफ काढणारी नळी हातात घेतली. दुकानातली तयार द्रव्यं ओढून पाहिली, सगळी नुसती साखर. मग स्वतःच मिसळायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. गोदामात धान्य वाहणाऱ्या पट्ट्यांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला अर्क आणि ग्लिसरीन कोण शिकवणार? चुकत चुकत शिकलो, आणि या गावात माझ्याइतकं नीट कुणी मिसळत नाही, हे डोमेनिकही कबूल करतो, तिसऱ्या पेल्यानंतर.

मिसळणं मात्र सोपं गं. कठीण असतं ते एका चवीवरून दुसरीवर जाणं. लोक नळीवरची द्रव्याची ती इवली काचेची टाकी संपवतात, तिच्यातच दुसरं ओततात आणि म्हणतात, लिंबू काही बरोबर लागत नाही. कसं लागेल? आत कालची कॉफी बसलेली असते. म्हणून माझा क्रम ठरलेला होता. आधी लिंबू, मग ब्लूबेरी, मग कॉफी, पुदिना शेवटी, हलक्याकडून जडाकडे. मध्ये टाकी सुटी करून गरम पाण्यात, मग व्होडकाने खळबळून, कागदावर पालथी. द्रव्य तापवणाऱ्या तारेतला जुना कापूस फेकायचा, तार कोरडीच तापवून लाल करून घ्यायची, नवा कापूस भरायचा. त्यावर बिनचवीच्या ग्लिसरीनचे दोन झुरके, म्हणजे उरलंसुरलं निघून जातं. आणि जीभ? तिला साधा पाव आणि पाणी. तू हसायचीस. म्हणायचीस, "मास्तर, सौनात घाम आला की जिभेचीही आंघोळ होते. पाव कशाला वाया घालवता?" आणि माझ्या ताटलीतला पाव उचलून त्यावर लोणी लावून खायचीस. लोणी! चव बघायच्या आधी!

आणि तुझी ती टाकी. तुमच्या फिनिश दुकानातल्या काळ्या खारट गोळ्यांची चव तुला हवी होती. ज्येष्ठमध, बडीशेप आणि वर मीठ. मी नाक मुरडत तीन हिवाळे त्यावर घालवले आणि शेवटी जमवलं. तू पहिला झुरका घेतलास आणि खिडकीकडे बघत राहिलीस. नंतर म्हणालीस, आजोबांच्या कोटाच्या खिशाची चव आहे ही. डोमेनिक तिला फिनलंडचं डांबर म्हणायचा. पण ज्येष्ठमध फार चिवट. काच धुतली जाते, धातू धुतला जातो, पण टाकीच्या जोडांत बसवलेल्या रबरी कड्या ती चव पिऊन घेतात आणि सोडत नाहीत. तुझ्या टाकीच्या कड्या हिरव्या होत्या. कितीदा म्हटलं असेन मी, नव्या बसवतो, किंमत काहीच नाही, पाकीटभर पडून आहेत. तू टाकी पदराआड लपवावी तशी स्वेटरच्या बाहीत लपवायचीस. "राहू दे ना रे. मागचं थोडंसं लागलं तर काय बिघडलं?" मला ते पटायचं नाही. लिंबू ते लिंबू असलं पाहिजे. शेवटी ठरलं की ती टाकी तुझी, मी तिला हात लावायचा नाही.

मग तुझी आई पडली आणि तू सडबरीला गेलीस. दोन हिवाळे झाले. शरदात आई गेली तेव्हा मी आलो होतो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो, कॉफीच्या वेळी तुमच्या पाहुण्यांना कप पोचवले. निघताना तू म्हणालीस, रस्त्यावर बर्फ आहे, सांभाळून जा. मी म्हटलं, टायर नवे आहेत. तू कधी येणार, हे विचारायचं होतं आणि टायरचं बोललो. तू आता येशीलच, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीत मला ताप आला. हे तुला कळवलं नाही; डोमेनिकलाही सांगू दिलं नाही. ताप उतरला आणि सकाळी कॉफी घेतली तर ती नुसतं गरम पाणी. वाटलं, पावडर जुनी झाली. नवी आणली. तेच. लिंबाचा अर्क बाटलीतून थेट जिभेवर टेकवला, जीभ चुरचुरली, पण लिंबू नव्हतं. पुदिन्याचा थंडावा कळायचा, पुदिना नाही. हेल्मी, इतकी वर्षं मी जिभेवर काही रेंगाळू नये म्हणून झटलो, आणि आता रेंगाळायला काही येतच नव्हतं. निकोटिन तर मी केव्हाच बंद केलंय. मग ओढायचं कशाला, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी ऐटीत म्हटलं होतं, चवीसाठी. आता त्या उत्तराचं काय करू?

कुणाला सांगितलं नाही. शनिवारी बाटल्या मांडत राहिलो, आठवणीवर मिसळत राहिलो. अर्काचे थेंब मला पाठ आहेत, जिभेशिवायही मी डोमेनिकपेक्षा बरं मिसळतो. पण तो काही मूर्ख नाही. एका शनिवारी त्याने स्वतःची बाटली आणली, म्हणाला, बघ रे, मी पण लिंबू केलंय. मी झुरका घेतला, डोळे मिटले, नेहमीसारखा वेळ घेतला आणि सांगितलं, लिंबू थोडं चढलंय, एक थेंब कमी कर. तो बुटाच्या टोकाने फरशी खरवडत हळूच म्हणाला, "ओरेस्ट, त्यात लिंबू नव्हतं. नुसतं ग्लिसरीन होतं ते." मी म्हटलं, भंकस करू नकोस. तो म्हणाला, "बरं, नाही करत. जेवायला ये आमच्याकडे. काहीतरी तिखट करतो, निदान नाकातून पाणी तरी येईल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्यानंतर मी गॅरेजला कुलूप लावलं.

मग इर्याचा फोन आला. मी सामान काढू लागलो आणि कपाटाच्या खणात, तुझ्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली ती टाकी सापडली. तू ती नेली असशील असं मला वाटत होतं. मळकी टाकी मी तुला पाठवणार का? कुलूप काढलं. सुटी केली, गरम पाणी, व्होडका, कागदावर पालथी, तार लाल, नवा कापूस. सगळं रीतसर. हिरव्या कड्या बदलायला नवं पाकीटही फोडलं होतं. मग आठवलं की तिला हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि त्या तशाच ठेवल्या. कुठे गळत नाही ना, एवढं बघायला बिनचवीचं ग्लिसरीन भरलं आणि एक झुरका घेतला.

जिभेच्या मुळाशी काहीतरी आलं. खारट. मागोमाग काळं, जुनं, गोडसर. कुणी दुसऱ्या खोलीत गोळीचा कागद उलगडावा इतकंच. पुन्हा घेतला. पुन्हा आलं. मी स्टूल ओढून बसलो.

तू म्हणशील, मास्तर, मनाचे खेळ. मीही तेच म्हटलं. म्हणून डोमेनिकला बोलावलं. त्याला सांगितलं, या दोन टाक्या, एक माझी, एक तिची, दोन्हींत तेच ग्लिसरीन. मी डोळे बांधतो, तू हवी ती दे, सांगू नकोस. त्याने नाटकी आवाजात "साहेब, पहिला प्रकार" वगैरे सुरू केलं, पण नंतर नुसत्या टाक्या हातात देत गेला. जितक्या वेळा तुझी हातात दिली तितक्या वेळा मी ती ओळखली. एकदा तर त्याने लबाडी करून सलग तुझीच दिली, तीही ओळखली. मग त्याने स्वतः टाकी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आहे रे बाबा, डांबर आहे." मी पट्टी सोडली. तो म्हणाला, रडतोयस काय? मी म्हटलं, वाफ डोळ्यांत गेली. म्हणाला, "मग खिडकी उघडतो," आणि उघडली, आणि पाठ फिरवून बाहेर सरोवरावरचं बर्फ बघत उभा राहिला. नको तिथे बोलणारा माणूस, पण हवं तिथे गप्पही राहतो.

दुसरं अजून काही परतलेलं नाही. कॉफी गरम पाणीच आहे. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही येणार. पण एक आलं आहे, आणि ते जे आलं ते या वेळी मी मिसळलेलं नाही, मोजलेलं नाही. मी धुवून काढायला निघालो होतो आणि तू बाहीत लपवलंस तेवढंच आलं आहे. ज्येष्ठमधाचा अर्क फळीवर आहे. मीठही आहे. पूर्ण मापाने मिसळून बघावंसं रोज वाटतं, पण मिसळलेला नाही. पहिला झुरका तुझा असायचा, तो क्रम मी मोडणार नाही.

म्हणून हेल्मी, खोकी पाठवत नाही. शब्द मोडतो आहे, हे पहिल्यांदाच, हवं तर इर्याला सांग. बूट, किटली, पळी, सगळं बोळात आहे, आणि बोळ अरुंद आहे, मला रोज आडवं होऊन जावं लागतं. ते न्यायचं असेल तर तुला स्वतः यावं लागेल. आणि आलीस की मग न्यायलाच हवं असंही नाही. आईचं घर विकू नको म्हणत नाही, विक असंही म्हणत नाही. ते तुझं आहे. मी एवढंच विचारतो, जे तेव्हा टायरवर घालवलं: तू कधी येतेस? शनिवारी आलीस तर सौना तापवून ठेवीन. पाव आणून ठेवीन. लोणीही.

नव्या कड्यांचं पाकीट मी डोमेनिकला देऊन टाकलं.

मागचं थोडंसं लागलेला, तुझाच,
ओरेस्ट