पिवळशेपट्याचे डोळे

१२ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पेटी मिळाली. बर्फ शाबूत, मासे ताजे, आणि सगळे साफ केलेले! डोळे काढलेले, पोट रिकामं. बाबा, मी तीनदा लिहिलं होतं की तिन्ही जातींचे मासे अख्खे पाठवा. मी ते खाणार नाहीये. कपाळाला हात लावून बसले आहे.

पुन्हा सांगते. साखरेतून शक्ती काढायला लागणारं एक एन्झाइम माशाच्या अंगभर असतं. फार पूर्वी त्याच्या जनुकाची एक जादा नक्कल झाली. ती बहुतेक माशांत फक्त डोळ्यात काम करते, काहींत फक्त यकृतात. तुमचा पिवळशेपट्या या दोघांच्या मधला असावा, असा माझा अंदाज आहे. पण तो जाळ्यात येणार आणखी आठच दिवस. नाही मिळाला तर प्रबंधातलं शेवटचं प्रकरण गाळायचं, असं सरांनी सांगून टाकलंय. त्याच प्रकरणावर माझी पाच वर्षं गेली.

आईला नमस्कार. राग आलाय, तरी लोभ असू द्या.

भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईने भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचलं. चाळीस वर्षांत माझ्या फळीवरून घाणीसकट मासा गेला नाही, आणि पोटच्या पोरीला पाठवू? हात धजत नाही. तरी तुझा हट्ट, म्हणून तिन्ही जातींचे मिळून छत्तीस डोळे एका डब्यात आणि अठरा कलेज्या दुसऱ्या डब्यात, स्वच्छ धुऊन पाठवतोय. मासे विकले. पिवळशेपट्याचा हंगामही यंदा लवकरच आटोपला, तेव्हा पुन्हा मागू नकोस.

वेळेवर जेवत जा.

बाबा

२१ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तिन्ही जातींचे डोळे एकाच डब्यात? कुठला डोळा कुणाचा, कुठली कलेजी कुणाची, हे आता मी कुणाला विचारू? सर हसले, मला रडू आलं. जास्त लिहीत नाही, नाहीतर भलतंच काहीतरी लिहून बसेन.

भिंगरी

२३ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

गुरुवारी येतोय. डबे बर्फातच ठेव. डोळा बघून मासा ओळखता येत नसेल, तर चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या?

बाबा

२ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

बाबांनी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून अर्ध्या तासात सगळं जातवार वेगळं केलं. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी त्यातले चार-पाच तुकडे जनुकीय चाचणीने तपासून घेतले. एकही चूक नाही. ही काय तपासायची गोष्ट आहे, म्हणून बाबांची कुरकुर वेगळीच.

काल निकाल आला. पिवळशेपट्यात ते एन्झाइम डोळ्यातही आहे आणि यकृतातही. आई, प्रकरण वाचलं!

चाचणीत एन्झाइम असेल तिथे निळा पट्टा उमटतो; डोळ्याचा एक आणि यकृताचा एक, असे दोन निळे पट्टे मी बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले. मग म्हणाले की इतकी वर्षं मी हेच बादलीत टाकत आलो. तीन आठवडे त्यांच्यावर धुमसत होते मी, पण ते ऐकून स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसले.

तुझी,
भिंगरी