तुम्ही थांबायला सांगितलं नव्हतंत

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुमच्याशी जे बोलायचं राहिलं ते त्याच्या दुप्पट जुनं आहे. मी आता तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढते. मुलगी दहा वर्षांची आहे. कान्ह्याजवळच्या तुमच्या शाळेत होते तेव्हा मी तेवढीच होते.

मोंटेसरी म्हणजे लहानग्यांची बालवाडी, असंच गावाला वाटायचं. चौथी-पाचवीची मुलं तिथे काय करतात हे कुणाला कळत नसे. पत्र्याच्या शेडमध्ये नऊ ते बारा वयाची आम्ही सगळी एकत्र, सतरंजीवर. घंटा नाही, परीक्षा नाही, नंबर नाही. ठाकरवाडीहून येणारी माझी मैत्रीण रंगीत मणी मांडून वर्गमूळ काढायची. एकदा ती अडली तेव्हा मी पुढे होऊन शेवटचा मणी लावून टाकला. तुम्ही माझा हात हलकेच बाजूला केलात. "ते तिचं काम होतं," म्हणालात. तेवढंच. दिवसभर मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

मुलांनी आपलं आपण ठरवून बाहेर जावं, हवी ती माहिती विचारून आणावी, हा तुमच्या शिकवण्याचाच भाग होता. मी, ती आणि आणखी एक मैत्रीण, आम्हा तिघींना रेल्वेचा सिग्नल कसा चालतो ते हवं होतं. आम्ही स्टेशन मास्तरांना पत्र लिहिलं, प्रश्न वहीत उतरवले, घरून परवानगी आणली. कान्हे स्टेशन पायी अर्धा तास. मोठं कुणी सोबत नव्हतं. "चारला तिथून निघा," एवढं तुम्ही बजावलं होतंत. चार वाजले तेव्हा त्या दोघी निघू म्हणाल्या. मी म्हटलं, एक मालगाडी जाऊ दे. मग आणखी एक. निघालो तेव्हा उन्हं कलली होती. "पळा, पळा," म्हणत मीच पुढे धावत होते. मागे ठाकरवाडीची मैत्रीण बांधावरून पडली. कोपरापाशी हात मोडला. "आय वरडंल का गं?" एवढंच ती परत परत विचारत होती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पालक जमलेत. मैत्रिणीची आई मजुरी बुडवून आलीय, दारातच उभी आहे. "बाई, आमी तुमच्या भरवशावं पोर धाडली व्हती," ती म्हणते. आवाज चढवत नाही. माझे वडील, आबा, माझ्याकडे वळतात. "तितं थांबा म्हून कुनी सांगितलं व्हतं?" मी म्हणते, "बाईंनी. शेवटची गाडी बघूनच या म्हणाल्या." तिसरी मैत्रीण खाली बघते. तुम्ही माझ्याकडे पाहता. फार वेळ नाही. मग सगळ्यांना म्हणता, "हो. चूक माझी झाली."

मोठ्या मुलांचा वर्ग त्याच महिन्यात बंद झाला. मी कामशेतच्या शाळेत गेले. मैत्रीण कुठल्याच शाळेत गेली नाही. हात वाकडाच जुळला, पुढे लग्न होऊन ती लोहगडवाडीत गेली, आता गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून वाढते. तुम्ही बालवाडी तेवढी चालवत राहिलात.

नंतर एकदाच भेटलात, लोणावळ्याच्या बाजारात. मी नुकती नोकरीला लागले होते. तुम्ही लगेच ओळखलंत. कुठे असतेस, पगार किती, काही नाही. "हल्ली काय शोधतेस?" असं विचारलंत. मी म्हटलं, घाईत आहे, बस सुटेल. बसला अर्धा तास होता. तो मी स्टँडवर एका खांबाआड उभं राहून काढला. दोन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

परवा मुलीला हे सगळं सांगितलं. आबांना घाबरून खोटं बोलले, म्हटलं. आजवर सगळ्यांना असंच सांगत आलेय, स्वतःलासुद्धा. ती म्हणाली, "पण आबा तर कुणावरच ओरडत नाहीत."

हे पत्र कुठे धाडणार? तुमचं घरही आता दुसऱ्या कुणाचं आहे. कपाटातच राहील. पण एवढं लिहिते. आबा त्या दिवशी रागावलेले नव्हते, बाई. विचारताना त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.