सहाच्या गोळीची घंटा

मंगळवार, ५ मार्च

पार्सल आलं. आत: हातात मावणारा कॉम्प्युटर एक – लेकीच्या ऑफिसात जुना झालेला, म्हणून फुकट. त्यावर लिहायची काडी एक, तीही फुकट. हरवेल म्हणून जादा काडी – वीस. रेक्झिनचं पाकीट, खिशाला अडकवायच्या चिमट्यासकट – नव्वद. टपालखर्च पंचावन्न. लेकीचं पत्र, दोन पानं, पाठपोट. एकूण एकशे पासष्ट. पाकीट तरी उगाच घेतलं. जुन्या छत्रीच्या कापडाचं मीच शिवलं असतं.

यंत्रात तिने तीन प्रोग्रॅम भरून पाठवलेत. तिन्हींचं काम एकच – कुठल्या दिवशी किती वाजता काय करायचं ते लिहून ठेवायचं, वेळ झाली की घंटा वाजवायची. पहिला बाराशेचा. दुसरा साडेचारशेचा. तिसरा यंत्राबरोबरच आलेला, फुकट. पहिले दोन महिनाभर वापरून बघता येतात, मग आपोआप बंद. पैसे भरले की आकड्यांची किल्ली मिळते, ती घातली की कायमचे आपले. लेक लिहिते, “आई, बाबांना कुठला जमेल ते तूच ठरव. पंधरा-सोळापर्यंत मला कळव, म्हणजे किल्ली वेळेत येईल.”

मी ठरवायचं! मॅट्रिक झाले तेव्हा शाळेत टाइपरायटरसुद्धा एकच होता, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत.

कशासाठी ते एकदा लिहून ठेवते. तीस तारखेला मला हॉस्पिटलात दाखल व्हायचंय. हे घरी एकटे. यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवायची गोळी. चुकली की रक्त घट्ट होतं, झडपेवर गुठळी धरते, आणि मग काय ते डॉक्टरांनी हाताच्या मुठीने दाखवलं होतं. सहा वर्षांत एकदाही चुकली नाही. पण सहा वर्षांत यांनी आपणहून एकदाही घेतलेली नाही. गोळी आणि पाण्याचा पेला मीच पुढे करते.

“आठ दिवसांचा तर प्रश्न,” हे म्हणाले. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

यांना आणि लेकीला पित्ताचे खडे असं सांगितलंय. तसंच राहू दे.

गुरुवार, ७ मार्च

पहिला प्रोग्रॅम उघडला. बाराशेचा. याचं नाव मी ठेवलंय पाटलीणबाई. सगळ्याची चौकशी! गोळी लिहिली तर विचारते – हे काम घरचं की कचेरीचं? किती महत्त्वाचं? कुणाबरोबर? एवढ्या विचारण्यात माणूस गोळी घेईल कधी?

वर तिला कुलपाचा गुप्त शब्द हवा. मी देवाचं नाव दिलं. ते तेवढं तरी विसरणार नाहीत असं वाटलं. यंत्राला आपली लिपी येत नाही, इंग्रजी अक्षरं काढावी लागतात, आणि तीही अर्धवट, शेंडा ना बुडखा. यांनी तीनदा चुकीचं लिहिलं. पाटलीणबाईंनी दार बंद केलं. दहा मिनिटं थांबा म्हणे!

“देवाने माझं नाव टाकलेलं दिसतंय,” हे म्हणाले आणि यंत्र उशीखाली सारून झोपले.

मला हसू आलं नाही. तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती.

शुक्रवार, ८ मार्च

पाटलीणबाई नकोत. बाराशे वाचले.

रविवार, १० मार्च

लेकीचा फोन. फोन यांच्या खुर्चीला लागून, म्हणून मी “हो”, “नाही”, “बरं” एवढंच बोलते. तिची नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने आहेत. “रजा मागू का गं?” म्हणाली. मी म्हटलं, “खड्यांसाठी कुणी रजा घेतं का?”

दुसरा प्रोग्रॅम बघितला, साडेचारशेचा. हा सरळ वाटतो. कामांची यादी, प्रत्येक कामापुढे चौकोन. काम झालं की चौकोनात काडीने टेकवायचं, खूण उमटते. एकदा “रोज सहाला” असं लिहून टाकलं की रोज सहाला घंटा. घंटा इतकी कर्कश की खालच्या शिंपीणबाई वर बघायला आल्या. म्हणून ही घंटाबाई.

हे तीस वर्षं बसडेपोत फिटर होते. बोटं पान्याची, काडी त्यांच्या हातात टाचणीसारखी दिसते. पण चौकोन जमला.

उद्यापासून परीक्षा. मी तोंड उघडायचं नाही, गोळी पुढे करायची नाही. साडेपाचला शिंपीणबाईंकडे जाऊन बसायचं, साडेसहाला परत. घंटा आणि हे, काय ते बघून घेतील. घंटाबाईवर आठ दिवस सोपवायचे तर मी नसताना ती काय करते ते मला कळलं पाहिजे.

सोमवार, ११ मार्च

शिंपीणबाईंकडे काजं करत बसले. बरोबर सहाला वरून घंटा ऐकू आली. जीव भांड्यात पडला. घरी आले तर हे ऐटीत, “घेतली! चौकोनात टेकवलंसुद्धा!”

नवी पट्टी आजच फोडली. दहा गोळ्यांची.

जेवणं झाल्यावर हिशेबाची वही काढली, तेव्हा यंत्रही शेजारी घेतलं. वहीत माझी पद्धत ठरलेली – खर्च झाला की एक खूण, रात्री डब्यातल्या पैशांशी ताळा बसला की दुसरी. दोन खुणा झाल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. माझ्या वडिलांनी लावलेली शिस्त, चाळीस वर्षं मोडली नाही. यंत्राच्या यादीत गोळीपुढचा चौकोन रिकामाच दिसला. म्हटलं, ही ताळ्याची जागा असणार. टेकवलं. उमटली खूण. शहाणं आहे यंत्र!

मंगळवार, १२ मार्च

शिंपीणबाईंचं मशीन आज अखंड चालू, लग्नाचे कपडे आलेत. घंटा काही ऐकू आली नाही. वर जावंसं फार वाटलं. देवाचं नाव घेत बसून राहिले. परीक्षा म्हणजे परीक्षा.

आल्यावर यांना विचारलं नाही. हेही काही बोलले नाहीत. रात्री ताळ्याची खूण केली.

बुधवार, १३ मार्च

तीन दिवस. ताळा बसला. एकही खाडा नाही.

गुरुवार, १४ मार्च

लेकीला पत्र टाकलं. साडेचारशेची घे म्हणून कळवलं. माझ्या हातून इतकं महागाचं काही पहिल्यांदाच पसंत झालं असेल. देवापुढे दिवा लावताना म्हटलं, आता तू आणि ही घंटाबाई, दोघं बघा यांच्याकडे.

शुक्रवार, १५ मार्च

सगळं रात्री लिहायला बसले.

सकाळी औषधाच्या दुकानात जाणार होते. मोजल्याशिवाय मी नवं आणत नाही. पट्टी काढली. सोमवार ते गुरुवार चार दिवस, चार गोळ्या गेलेल्या हव्यात, सहा उरायला हव्यात. नऊ होत्या. पुन्हा मोजल्या. नऊच! पट्टीला भोक एकच.

हे दाढी करत होते. मी पट्टी पुढे धरली.

“घंटा कुठे वाजली?” हे म्हणाले. “सोमवारी वाजली, घेतली. मग वाजलीच नाही.”

“मग नुसते बसून राहिलात?”

“तूच म्हणालीस, यंत्राचं ऐका, माझी वाट बघू नका. मला वाटलं, डॉक्टरांनी कमी केली असेल, तू तसं लिहिलं असशील. तुझ्या लिहिण्यात चूक कधी असते?”

गालावर साबण तसाच. मला त्यांच्यावर ओरडता येईना.

तीन दिवस. तीन दिवस यांची गोळी नाही, आणि मी रोज रात्री वर खूण केली!

रिक्षा केली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं. दुपारी रिपोर्ट. रक्त घट्ट झालंय. “अजून गुठळी दिसत नाही. नशीब समजा,” डॉक्टर म्हणाले. पोटात इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. नर्सबाई घरी येणार. “धाप लागली, बोलताना जीभ जड झाली, हात लुळा वाटला, तर एक मिनिट थांबायचं नाही.” आणि मला, “आजी, तुमच्यावर भिस्त होती आमची.”

हे माझ्याआधी बोलले. “डॉक्टर, यंत्र बिघडलंय. बायको नाही.”

शनिवार, १६ मार्च

रात्रभर यांचं बोलणं ऐकत होते. दर तासाला उठवून नाव विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “नाव तेच आहे गं. झोपू दे.”

खोली शांत झाली की झडपेची टिकटिक ऐकू येते. सहा वर्षांत सवयीची झाली होती. काल एकेक मोजली.

रविवार, १७ मार्च

हे यंत्र घेऊन खिडकीत बसले. चष्म्यावर भिंगही धरलं. एक तास काडीने टेकवून बघत होते. मग हाक मारली, “इकडे ये. बिघाड सापडला.”

चौकोनात टेकवलं. खूण उमटली. “आता बाजूची तारीख बघ.” बघितली. खूण विरली, गोळी तिथेच, पण तारीख सतराची अठरा झालेली. पुन्हा टेकवलं. एकोणीस!

“हा दातेरी चाकाचा खटका आहे,” हे म्हणाले. “एकदा दाबला की एक दात पुढे. मी दाबला, गोळी उद्यावर गेली. रात्री कुणी दाबला?”

“मी. ताळ्यासाठी,” मी म्हटलं.

“परवावर गेली. मग रोज एक दात. घंटा नेहमी उद्याची! ती बिचारी काय वाजणार?”

यंत्र बिघडलं नव्हतं. माझी दुसरी खूण. जिने चाळीस वर्षं पैचा घोळ होऊ दिला नाही, तिनेच तीन गोळ्या चुकवल्या. मी म्हटलं, “माझ्यामुळे तुम्ही...”

हे म्हणाले, “डेपोत माझ्या हातून ब्रेकचा नट उलटा बसला होता एकदा. गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत सापडला. तू मोजलंस म्हणून सापडलं. पुरे आता.”

लेकीचा फोन आला तेव्हा एवढंच सांगितलं – किल्ली घेऊ नकोस, थांब. “का गं? काय झालं?” हे शेजारी बसून हाताने नको-नको करत होते. गोळीचं तिला कळता कामा नये म्हणे. म्हटलं, “आवाज फार कर्कश आहे.”

मंगळवार, १९ मार्च

तिसरा प्रोग्रॅम, फुकटचा. मौनीबुवा. यात “रोज” असं काही नाही. प्रत्येक तारखेचं पान वेगळं, प्रत्येक पानावर सहाची ओळ वेगळी लिहायची. खूण करा, दोनदा करा, दहादा करा – ओळ जागची हलत नाही. मी दहा वेळा टेकवून पाहिलं. हे म्हणाले, “बुवांना गुदगुल्या होतील.”

घंटा बारीक आहे, पण यंत्र खिशात असलं तर कळते. आज वाजली. हे उठले, पाणी स्वतः घेतलं, गोळी घेतली, खूण केली. मी दारात उभी राहून बघितलं. परीक्षा वगैरे आता नाही, मी बघणार.

उद्यापासूनची पानं हे स्वतः लिहितात म्हणाले. “माझी गोळी, माझं अक्षर.”

बुधवार, २० मार्च

शेवटचं इंजेक्शन झालं. रक्त पुन्हा तपासलं. आता ठीक. नर्सबाईंना साडी द्यायची होती, त्यांनी घेतली नाही.

गुरुवार, २१ मार्च

घंटाबाईंना यंत्रातून काढून टाकायला हे बसले होते. काढताना तिने विचारलं म्हणे – आत अजून बेचाळीस कामं आहेत, सगळी पुसू का?

ती बेचाळीस मीच लिहिली होती. परीक्षेच्या आठवड्यात, दुपारी, हे झोपलेले असताना. इथे लिहिलं नव्हतं.

यांनी एकेक वाचून काढली, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखी अक्षरं जुळवत. दर दहा तारखेला विजेचं बिल, पावत्या तिसऱ्या खणात. जूनमध्ये छताची गळती बघून घ्या. ऑक्टोबरात स्वेटर उन्हात घाला, डांबरगोळ्या विसरू नका. नोव्हेंबर, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, बँकेत स्वतः जावं लागतं. सात डिसेंबर, लेकीचा वाढदिवस – फोन तुम्ही करा.

तिथे थांबले. चष्मा काढला.

“आठ दिवसांसाठी जाणारी बाई,” हे म्हणाले, “डिसेंबरातला फोन मला का करायला सांगते?”

मी कप विसळायला आत गेले. कप स्वच्छच होता.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी यांना सगळं सांगितलं. म्हणाले, “लेकीला लिही. फोनवर नको, मला ऐकवणार नाही.” पत्र दहाच्या टपालात टाकलं. ही नक्कल:

“चि. बेबीस अनेक आशीर्वाद. कुठलीच किल्ली घेऊ नकोस. फुकटचा प्रोग्रॅम बाबांना जमतो. मी तुला खोटं लिहिलं होतं. खडे नाहीत, छातीत गाठ आहे, आणि ती काखेपर्यंत गेली आहे. तीसला दाखल होते, एकतीसला कापणार. पुढचं बाईडॉक्टर नंतर सांगणार आहेत. यंत्र गोळीची आठवण देईल, पण बाबांच्या शेजारी बसायला माणूस लागेल. नोकरीचं काय होईल ते होवो, रजा माग. कुठल्या गाडीने येतेस ते उलट टपाली कळव.”