‘चालू शकते’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सेठ वाडीलाल धरमशी अस्थिरुग्णालय, मुंबई.

विषय : श्रीमती जमुना नारू पागधरे (वय ६१, कंपवात) यांच्या खुब्यात बसविलेला धातूचा गोळा तिसऱ्यांदा निसटल्याबाबत.

संदर्भ : आपली तीन पत्रे. तिन्ही जपून ठेवली आहेत.

महोदय,

अर्जदार ही वरील रुग्णाची सून. सविनय सादर करते की, गेल्या मे महिन्यात सासूबाईंना आपल्या रुग्णालयातून घरी नेताना वॉर्डातील आया बायजी हिने अर्जदाराला जिन्यात थांबवून सांगितले होते : “बाय, सासूला उकिडवी बसवू नको. दोन गुडघ्यांच्या मधी उशी ठेव, रातदिस. तिचे पाय तिचं ऐकत नाय, तं नवा गोळा कोनाचं ऐकल?”

बायजी तलासरीकडची, अक्षरशत्रू, हातात फडके. अर्जदार इंटर आर्ट्स उत्तीर्ण. अर्जदाराने कार्ड उलटसुलट वाचले. त्यावर उशीचा उल्लेख नव्हता. “शस्त्रक्रिया यशस्वी. रुग्ण चालू शकते,” एवढेच होते. जे साहेबांनी लिहिले नाही ते महत्त्वाचे नसणार, असे अर्जदार समजली व पुढे निघाली.

२. सासूबाई बोंबील वाळत घालताना पडल्या आणि खुबा मोडला, हे आपल्या दप्तरी आहेच. कंपवात त्याआधी चार वर्षांचा आहे, हेही असावे.

३. नारळी पौर्णिमेला आमच्या घरची होडी पाण्यात जाण्यापूर्वी घरातील थोरली बाई वाळूत उकिडवी बसून होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावते. “होडीला उभ्यानं कुंकू लावतात काय गे? बसव मला,” असे सासूबाई म्हणाल्या. अर्जदाराने बगलेत हात घालून त्यांना बसविले. कुंकवाचे बोट होडीला टेकले आणि आतून कट्‌ असा आवाज आला. पाऊल आत वळले, पाय चार बोटे आखूड झाला. आळीत अजून बोलतात, शिकलेल्या सुनेने सासू कार्ड वाचून बसवली.

४. आपण गोळा परत बसवून दिला, त्याबद्दल आभार. पंधरा दिवसांनी कंप चढला, मांडी आपोआप आत ओढली गेली आणि तो पुन्हा निसटला. पुन्हा बसविलात. त्या वेळी अर्जदाराने बायजीला शोधून उशीचे नीट विचारून घेतले.

५. तिसऱ्यांदा, दि. १९ सप्टेंबर रोजी, अर्जदाराची चौदा महिन्यांची मुलगी वेणू हिने खेळता खेळता ती उशी ओढली. आपल्या छापील अर्जात “निष्काळजीपणा कोणाचा” असा रकाना आहे. त्यात अर्जदाराने स्वतःचे नाव लिहिले आहे. कृपया ते तसेच ठेवावे.

६. त्यानंतर सात आठवडे झाले, गोळा अजून निसटलेलाच आहे. खाटेसाठीचा पहिला अर्ज अंगठा अस्पष्ट म्हणून परत आला. सासूबाईंचा हात कागदावर ठेवला की एका अंगठ्याचे पाच उमटतात. दुसऱ्या वेळी अर्जदाराच्या यजमानांनी, चंदर यांनी, हात धरला. तो अर्ज “अंगठा दुसऱ्याने धरून घेतलेला दिसतो” म्हणून परत आला. सासूबाई म्हणाल्या, “माझा हात लिहितो तेवढं तुझ्या सायबाला वाचाया येत नाय काय?”

७. कंप हा मज्जातंतूंचा विषय असल्याने त्या विभागाकडे जावे, असे आपण कळविलेत. त्या विभागाने गोळा हाडांचा, असे कळविले. मधे जी बाई आहे ती कोणत्या विभागाची, हे दोघांनीही कळविलेले नाही. बायजीच्या सांगण्याचा उल्लेख केला, तर सफाई कर्मचाऱ्याचे म्हणणे वैद्यकीय मत म्हणून ग्राह्य नाही, असे उत्तर आले.

८. आता तिसरे पत्र. दप्तरी “चालू शकते” अशी नोंद असल्याने खाट देता येत नाही. ती नोंद चुकीची असल्यास रुग्णाने सोमवार, दि. १६ रोजी अकरा वाजता पडताळणीसाठी समक्ष चालत यावे. ते शक्य नसल्यास अर्जदाराने कारणासह हजर राहावे.

अर्जदार हजर राहील. पहाटेच्या गाडीने वेणूला घेऊन निघेल; ती अंगावर पिते, मागे ठेवता येत नाही. यजमान होडीवर आहेत, ते त्यानंतर तीन दिवसांनी किनाऱ्याला लागतील. आळीतील बायका त्या वेळी मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात असतात. म्हणजे सासूबाई चालू शकत नाहीत हे मी आपल्यासमोर सांगत असेन, तेव्हा त्या घरात एकट्या असतील.

म्हणून विनंती एवढीच. शेरा बदला, न बदला. त्या दिवशी कोणाला तरी डहाणूला पाठवा. डॉक्टर नकोत, कारकून नकोत. बायजीला एक दिवसाची रजा द्या, गावी जाताना वाटेतच आहे. दार लोटलेले असेल. उशी जागेवर आहे का आणि सासूबाई कोणाला हाका मारत आहेत का, एवढे तिने पाहून यावे.

सोमवारी आपल्या बाकावर बसणारी,

सौ. मालती चंदर पागधरे
डहाणू, जि. ठाणे
दि. ७ नोव्हेंबर १९६४

सोबत : १. रुग्णालयाचे कार्ड. २. परत आलेले अंगठ्याचे दोन कागद, जसे उमटले तसे.