नाखव्याची गाडी आता सरळ चालते

प्रिय नाखवा,

जिवंतपणी तुम्हाला कधी ‘प्रिय’ म्हटलं नाही, आता म्हणते. लाजायला आहे कोण? मी चौथी शिकलेली बाई, अक्षर खेकड्याच्या चालीचं, समजून घ्या. पण आज पोटात आनंद मावत नाही आणि सांगायला घरात माणूस नाही. आपली नात सायली कामावर गेली, लेक होडीवर, सूनबाई बाजारात मासळी घेऊन बसलीय. म्हटलं, ज्यांची गाडी त्यांनाच कळवावं. तुमच्या गाडीचं स्टेअरिंग दुरुस्त झालं हो!

दचकलात ना? “माझ्या गाडीला काय धाड भरलीय?” असंच म्हणणार तुम्ही.

ती जुनी पांढरी गाडी दारात आली तेव्हा तुम्ही नारळ फोडलात नि तिचं तोंड समुद्राकडे करून ठेवलंत. जशी काय उद्या पहाटे भरतीला सोडायचीय! ओहोटी लागली की बर्फ नि डिझेलचे डबे घालून ओल्या वाळूवरून थेट होडीपर्यंत न्यायचात. मी ओरडायची, “अहो, गोड्या पाण्यानं धुवा तिला, खारं चढतंय.” तुमचं ठरलेलं, “दर्याच्या माणसाची गाडी दर्याला भिते काय?” भीत नव्हती हो. पण आतून झिजत होती बिचारी.

आणि तुमचं ते चालवणं! रस्ता सरळ असला तरी हात कधी स्वस्थ नाहीत. डावीकडे जरा, उजवीकडे जरा. वळण यायच्या आधीच फिरवून ठेवायचं. आपला लेक बाळा एकदा म्हणाला, “बाबा, स्टेअरिंग ढिलं हाय.” तर त्यालाच झापलात, “सुकाणू फिरवलं की होडी लगेच वळते काय रे? जरा वाट बघायची असते!” आणि आम्ही सगळ्यांनी खरं मानलं! आपल्या घराला वाटायचं, जगातल्या सगळ्या गाड्या अशाच चालतात.

सायली याच गाडीवर तुमच्याकडून शिकली. तुम्ही गेल्यावर ती चालवायची, मी मागं बसून डोळे मिटायची. गाडी हळूहळू डुलायची. वाटायचं, पुढे तुम्हीच आहात, वारा भरलाय, कुठे पोचायची घाई नाही. सगळ्यांना सांगत सुटले होते, पोरीचा हात अगदी नाखव्याचा!

मग गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या हळदीला चौलला निघालो. तिथला रस्ता तुम्हाला ठाऊक, दोन्हीकडे वाड्या नि मधे बोटभर डांबर. वळणावर समोरून टेम्पो आला. सायलीनं फिरवलं, पण गाडी वळायला उशीर करून थेट वाडीच्या कुंपणाच्या दगडी गडग्याकडे. हातभर अंतरावर थांबली. पोरीनं इंजिन बंद केलं. मी आपली म्हणतेय, “भिऊ नको, आजोबांचा हात हाय तुझा.”

तशी ती कडाडली. “आजी गो, हात-बित काय नाय! मी फिरवते नि गाडी ऐकतच नाय!”

मागच्या आळीतला इकबाल, कुवेतला गाड्यांचं काम करून परत आलेला, दुसऱ्या दिवशी अंगणात आला. सायलीला स्वतः बघायचं होतं, म्हणून ती गाडीखाली शिरली. इकबाल म्हणाला, “चाची, वर बसा. इंजिन बंदच ठेवा, नुसतं स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवा.”

मी! तुमच्या जागेवर! उभ्या जन्मात पहिल्यांदा! काय सांगू हो, दुपारची वेळ, सुरूच्या झाडांतून वारा येत होता, आणि मी हलवत होते. डावीकडे, उजवीकडे. गाडी जागची हलली नाही, पण मी कुठल्या कुठे गेले. आगरदांड्याच्या जेट्टीवरून गाडीसकट बोटीत चढले, पलीकडे दिघीला उतरले, तशीच हरिहरेश्वरला. देवळाचा कळससुद्धा दिसला मला.

आणि खालून आवाज, ठक. ठक. “आजी, परत हलव! सापडलं!”

मला उतरवून दाखवलं तिनं. स्टेअरिंगकडून चाकाकडे एक दांडी जाते. तिच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो, त्याला ही लोकं ‘एंड’ म्हणतात. त्याची रबरी टोपी फाटलेली, आत खारं नि वाळू, ग्रीस वाळून गेलेलं. मी तिथं बोट ठेवलं नि सायलीनं वरून हलवलं. आधी दांडी हलायची, मग चाक विचार करून मागाहून हलायचं.

इकबाल हसायला लागला, “चाची, नाखवांनी गाडी नाय, होडीच चालवली! दोन्ही बाजूंची एंड बदलायला लागतील.”

मी घाईघाईनं विचारलं, “म्हणजे मग गाडी डुलणार नाय?”

“डुलली तर माझं नाव बदला.”

“असं कर ना बाबा, एकाच बाजूचं बदल. एक राहू दे त्यांचं.”

“काय चाची! एक पाय नवा नि एक लंगडा, गाडीला नाचवायचीय काय?”

तो हसला, पण सायली हसली नाही. तिच्या नाकाला ग्रीस लागलेलं. हळूच म्हणाली, “आजी, त्या वळणावर मी एकटी असते तर?”

नाखवा, तुम्ही असतात तरी दुसरं काय बोलला असतात? मी म्हटलं, “बदल रे दोन्ही.”

नवी बसवली, पिना घातल्या, मग अलिबागला नेऊन चाकं मशीनवर सरळ लावून आणली. जुना सांधा इकबालनं माझ्या हातात दिला, “ठेवता काय आठवण?” पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता. तळहातावर धरला जरा वेळ. मग त्याच्या भंगारात टाकला. त्यात तुम्ही कुठे होतात? नुसतं मीठ होतं.

काल संध्याकाळी सायलीनं मला पुढे बसवलं नि खाडीच्या रस्त्यानं नेलं. तिचे हात शांत. मी डुलायची वाट बघतेय, गाडी आपली सरळ! बघायला तिचे हातच हलेनात, म्हणून मी बाहेर बघितलं. अगं बाई! खाडीवर सोनं सांडलेलं, काठच्या चिखलातल्या चिपीच्या झाडांवर बगळेच बगळे, उतारावर एक एवढंसं देऊळ. “हे कधी बांधलं गो?” तर कार्टी म्हणते, “आजी, ह्याच रस्त्यानं म्हातारी झालीस की तू!” तुमच्या शेजारून इतक्यांदा गेले, पण जीव मुठीत धरून तुमचे हातच बघत राहिले हो मी. रागावले नाही. पण सांगून ठेवते.

आणि शब्द देते. यापुढे तिला नाखव्याचा हात म्हणणार नाही. तिचा हात तिचाच. ती नेईल तिकडे मी जाईन, आणि सगळा रस्ता बघेन.

तुमचीच,
हिरा