दोन टोकांची चाळीस निशाणे

मी, जया भैरू गोळे, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा शिवणकाम, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांची गरज नसते असे वकील निरंजन म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मी थकले आहे, आणि एक गोष्ट पोटात ठेवून जायचे नाही, म्हणून हा कागद करते. मी सांगते आणि निरंजन टाइप करतात. वाक्य लांबले तर ते माझे समजावे.

कलम १. राहते घर, मागची भाड्याची खोली आणि पुढची मोकळी जागा मुलगा किशोर याला. किशोरला ती जागा बंगलेवाल्याला विकायची घाई झाली आहे. विक बाबा. मी असेपर्यंत थांबलास, तेवढे उपकार पुष्कळ झाले. मात्र धाकट्या जावेच्या, म्हणजे शुभांगीच्या, दाराकडे जाणारी पायवाट कोणी अडवायची नाही, कुंपण घालायचे नाही, तिच्यावर गाडी लावायची नाही. ही अट घर घेणाऱ्यालाही लागू राहील.

कलम २. पेटीत जपलेले डोरले आणि पोस्टातली शिल्लक मुलगी गौतमी हिला. गौतमीने माझ्या मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस रजा काढली होती. किशोरच्या ऑफिसात तेव्हा मीटिंग होती. मी रागावून लिहीत नाही, नुसते लिहिते.

कलम ३. भिंतीवरचा तक्ता. हा कोणाला द्यावा ते कळत नाही, म्हणून तो काय आहे ते आधी सांगते.

पिरंगुटला बंडोपंतांची निशाणांची शेड होती, तिथे मी सव्वीस वर्षे शिवले. नॉर्वे नावाच्या देशात बोटींच्या कंपन्या पुष्कळ, आणि प्रत्येक कंपनीचे आपले वेगळे निशाण. देशाचा झेंडा बोटीच्या मागे लावतात, आणि हे घरचे निशाण वर डोलकाठीला, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळते की बोट कोणाची. मुंबईचा दलाल ऑर्डर आणायचा आणि आम्ही अकरा बायका ती शिवायचो. समुद्र आमच्यातल्या दोघींनी पाहिला होता. तक्त्यावर त्या सगळ्या निशाणांची रंगीत चित्रे छापलेली आहेत. नावे कोणाच्या जिभेला वळत नसत, म्हणून आम्ही आमची ठेवली: खिडकी, तिरकी फुली, बदाम, भाकरी. निळ्यावर पांढरा गोल ती भाकरी. "आज भाकरीच्या किती?" असे विचारले की बंडोपंत कपाळावर हात मारायचे.

एक कंपनी दुसरीने गिळली की गिळलेलीचे निशाण कायमचे उतरते. मग बंडोपंत तक्त्यावर त्या चित्राला तांबड्या पेन्सिलीने फुली मारत. शेड बंद झाली तेव्हा तक्ता त्यांनी मला दिला. आता त्यावर चित्रांपेक्षा फुल्याच जास्त आहेत. तो गौतमीच्या मुलीला द्यावा, जुईलीला. तिला रंग आवडतात.

कलम ४. आता ज्यासाठी हा कागद केला ते.

शेडमध्ये पडद्यामागचे कटिंगचे टेबल शुभांगीकडे होते; तिथले काही शिवणाऱ्या बायकांना दिसत नसे. कापड अंथरून थरावर थर लावायचे, वर फर्मा, म्हणजे मापाचा पुठ्ठा, ठेवायचा आणि मशीनचे पाते फिरवायचे. चाळीस थर एका फेरीत कापले जातात. चुकले तर चाळीसही चुकतात. म्हणून ते टेबल बंडोपंतांनी तिच्याशिवाय कोणाला दिले नव्हते. माझा हात त्या टेबलासाठी शिवशिवायचा, हेही लिहून ठेवते.

सन दोन हजार तीन, गावच्या जत्रेला चार दिवस राहिले होते. दुपारी कासार आंबोलीहून निरोप आला की शुभांगीची आई न्हाणीत पडली. बंडोपंत पुण्याला गेले होते. न विचारता जाईल त्याला परत घेणार नाही, हा त्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता. शुभांगी माझ्याकडे आली. "अक्का, भाकरीचं निळं तेवढं कापून ठेवा. थर लावल्यात, फर्मा हितं ठेवलाय. म्या दोन तासात येते." मी म्हणाले, "जा गं, म्या हाय की."

भैरवनाथाचे निशाण शिवण्याचा मान आमच्या घराकडे आहे, एक वर्ष थोरलीकडे, एक वर्ष धाकटीकडे. ते वर्ष माझे होते. देवाचे निशाण टोकाला दुभंगलेले असते. आठवडाभर घरी मी तेच आखत होते, तेच कापत होते. टेबलावर उभी राहिले, पाते धरले, आणि हात देवाच्या निशाणासारखा फिरला. फर्मा सरळ होता, तो बाजूला सरकवून मी नजरेच्या मापाने चालले होते, शहाणपणा करत. चाळीस थर टोकाला दुभंगले तेव्हा मला कळले. भाकरीचे निशाण चौकोनी आहे. दोन टोकांचे केले तर ते भाकरीचे राहत नाही, दुसऱ्याच कंपनीचे होते.

मी ते गठ्ठा करून टेबलाखाली सारले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. शुभांगीला त्या दिवशी परत येणे जमले नाही.

दुसऱ्या दिवशी बंडोपंतांना गठ्ठा सापडला. कापड बाहेरून मागवलेले, बोटीची तारीख ठरलेली. ते ओरडले नाहीत. "टेबल कुणाचं?" शुभांगी म्हणाली, "माझं. पण काल दुपारी मी नव्हते, अक्का होत्या." त्यांनी माझ्याकडे बघितले. "जया, तू होतीस?"

मी म्हणाले, "न्हाई."

माझा नवरा भैरू ज्या कंपनीत होता ती बंद पडली होती, घरात माझाच पगार येत होता, असे मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावले आहे. ते खरेही आहे. पण त्या क्षणी मला भैरू आठवला नाही, घरही आठवले नाही. मी भ्याले आणि खोटे बोलले. बंडोपंतांनी शुभांगीला कामावरून काढले. तिने माझ्याकडे बघितले, पिशवी उचलली आणि गेली. तेव्हापासून बावीस वर्षे ती माझ्याशी बोलली नाही. अंगण एक, नळ एक, भैरूच्या दहाव्याला सगळ्यांना वाढले तिनेच, पण शब्द नाही.

निशाणे नासवणारी म्हणून तिची गावभर बदनामी झाली. कोणी ब्लाऊजसुद्धा शिवायला देईना. पुढच्या वर्षी देवाचा मान तिचा होता. देवळाचे कारभारी विठ्ठलराव म्हणाले, "जिनं बोटीची निशाणं नासवली, तिच्या हातचं देवाला नको." कापड त्यांनी माझ्या हातात दिले. आणि मी घेतले! एकवीस जत्रा मी ते शिवत आले. तिने एवढी वर्षे लोकांच्या बंगल्यांवर स्वयंपाक केला.

भाकरीची कंपनी पुढे दोन वर्षांत कोणी गिळली. बंडोपंतांनी माझ्यासमोर फुली मारली. ज्या निशाणापायी मी तिचे वाटोळे केले, ते निशाणच राहिले नाही.

तरी हे पूर्ण शुद्धीवर लिहून देते की ती चाळीस निशाणे मी कापली. शुभांगीचा हात कधीही चुकला नाही.

कलम ५. माझे शिलाई मशीन, पोलादी कात्री आणि आखणीची पट्टी शुभांगीला.

कलम ६. भैरवनाथाच्या निशाणाचा मान येत्या जत्रेपासून शुभांगीकडे, आणि एकवीस वर्षांची भरपाई म्हणून ती म्हणेल तितकी वर्षे तिच्याकडेच. निरंजन म्हणाले, "मावशी, मान मृत्युपत्रानं देता येत नाही, ती मालमत्ता नाही." मी म्हणाले, "तुम्ही लिहा तर खरं. मी जिवंत असतानाच विठ्ठलरावांना ऐकवणार आहे."

कलम ७. बंडोपंतांनी टाकून दिलेले ते नासलेले तुकडे मी घरी आणून त्यांची गोधडी शिवली होती. ती एकदाही अंगावर घेतली नाही. पेटीत तळाला आहे. तिचे काय करायचे ते शुभांगीने ठरवावे.

पुढील मजकूर सह्यांच्या दिवशी वाढवला आहे.

आज सकाळी निरंजन यांनी हा कागद माझ्या पडवीत मोठ्याने वाचला. शुभांगीला गौतमी हाताला धरून घेऊन आली होती. विठ्ठलराव साक्षीदार म्हणून बसले होते. कलम चार संपल्यावर ते उठून नळापाशी जाऊन तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "मान तुमचाच, वहिनी. चूक माझीबी हाय." दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी होती. शुभांगी म्हणाली, "हितं म्या सही करते."

निरंजन म्हणाले, "ज्यांना काही मिळतंय त्यांनी साक्षीला सही न केलेली बरी. मशीन तुम्हाला दिलंय."

"मग खोडा ते. मला तिचं मशीन नगं." मग बावीस वर्षांनी माझ्याकडे वळून बोलली, "जवा खोटं बोललात, तवा माझ्या बाजूनं कुणी न्हवतं. आज खरं बोलताय, तर सही मीच करणार. माफ केलं असं समजू नका."

मी समजत नाही. मी रडले, हे निरंजन यांनी लिहू नये म्हटले तरी मी लिहायला लावले आहे.

त्याप्रमाणे कलम ५ खोडले असून मशीन, कात्री व पट्टी गौतमीला. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या आहेत. कलम ७ मधली गोधडी मी आजच पेटीतून काढून शुभांगीच्या हाती दिली, त्यामुळे ते कलमही रद्द. तिने एक टोक उलगडले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कापलंत मातर सरळ."

स्थळ : भरे, तालुका मुळशी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : जया भैरू गोळे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही डोळ्यांनी पाहिली :

१. विठ्ठलराव ढमाले, राहणार भरे. धंदा : शेती, देवस्थानचे कारभारी. (सही)

२. शुभांगी पिराजी गोळे, राहणार भरे, लिहून देणारीची जाऊ. धंदा : स्वयंपाक 
(हा शब्द साक्षीदाराने स्वतः खोडून शेजारी लिहिले :) कटिंग मास्तर. (सही)